टाच टेकते का, एवढे तरी पाहा

मूल पहिले पाऊल टाकते तो दिवस घरात सणासारखा असतो. पुढचे काही महिने ते कसेही चालले तरी कौतुकच होते. कुणी बदकासारखे डुलत चालते, कुणी टाचा अधांतरी ठेवून चवड्यावर तुरुतुरु पळते. हे चवड्यावरचे चालणे अडीच-तीन वर्षांनंतरही राहिले, की मग घरात पक्ष पडतात. आजी म्हणते, "याचे काकाही असेच चालायचे, मोठेपणी आपोआप गेले." वडील "टाच टेक, टाच टेक" म्हणून ओरडत राहतात. आईच्या मनातून काळजी जात नाही. शेवटी कुणीतरी दवाखान्यात नेते आणि तिथेही कधी कधी, मुलाला जमिनीवर चालवून न पाहताच, "वाढेल तसे जाईल" असे सांगून बोळवण होते.

आजीचे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते. पण मुलाला तपासल्याशिवाय ते खरे धरून चालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बहुतेकांचे आपोआप जाते

नुकते चालू लागलेले मूल मधूनमधून चवड्यावर चालते, यात वावगे काही नाही. चालण्याचा सराव होतो तसतशी आधी टाच, मग चवडा अशी पावलाची पद्धत बसत जाते. काही निरोगी मुलांमध्ये मात्र सवय लांबते. स्वीडनमधील एका परगण्यातील साडेपाच वर्षांच्या १,४३६ मुलांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ५ टक्के मुले त्या वयात चवड्यावर चालत होती किंवा पूर्वी चालत असत. याच मुलांचा पुढे पाठपुरावा झाला, तेव्हा दहाव्या वर्षापर्यंत त्यांतील सुमारे ८० टक्के मुलांची सवय आपोआप सुटल्याचे दिसले.

अशा मुलाचे दोन्ही पाय सारखेच असतात, ते चालू लागल्यापासून तसेच चालते, सांगितले तर टाचा टेकवून दाखवते आणि त्याचे बोलणे, खेळणे, समज वयाप्रमाणे असते. घरात आणखी कुणी तसे चालत असल्याची माहितीही अनेकदा मिळते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

एकाच पायाची टाच उचललेली असेल, तर ती सवय समजू नये. तो पाय आखूड असेल, खुब्याचा सांधा जन्मापासून निखळलेला असेल किंवा त्या बाजूला सौम्य पक्षाघात असेल.

बाळ अपुऱ्या दिवसांचे होते, जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवावे लागले होते, उशिरा बसले, उशिरा चालले आणि पाय ताठ वाटतात. असे असेल तर मेंदूला झालेल्या इजेचा, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा विचार करावा लागतो. बोलणे मागे असेल, मूल नजरेला नजर देत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तर स्वमग्नतेसाठी तपासणी हवी.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे आधी नीट टाच टेकवणारे मूल नंतर चवड्यावर चालू लागणे. मुलगा तीन ते पाच वर्षांचा असेल, वारंवार पडत असेल, जिना चढताना कठड्याला लोंबकळत असेल आणि त्याच्या पोटऱ्या गुबगुबीत, टणक असतील, तर त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगा. गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत तो स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठत असेल, तर ही गोवर्स यांची खूण होय. या इंग्रज वैद्याने १८७९ मध्ये तिचे वर्णन केले. ड्युशेन नावाच्या स्नायूंच्या आजारात ती दिसते. रक्तातील सीपीके या साध्या तपासणीने या आजाराचा संशय बळावतो आणि पुढची दिशा कळते.

हा आजार पूर्ण बरा होत नाही. पण वेळीच औषधे आणि व्यायाम सुरू केल्यास मूल अधिक वर्षे स्वतःच्या पायांवर चालू शकते. शिवाय तो बऱ्याचदा आईच्या बाजूने येतो. त्यामुळे काका तसे चालत आणि आज ठणठणीत आहेत, हा दिलासा ठरतो. पण मामा किंवा मावसभाऊ लहानपणीच पायांनी अधू झाला असेल, तर ते न लाजता डॉक्टरांना सांगावे. निदानाला दोन-तीन वर्षे उशीर झाला, तर दरम्यान धाकटा भाऊ तोच आजार घेऊन जन्माला येऊ शकतो. "वाढेल तसे जाईल" या वाक्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

घरी काय करावे

मुलाला उताणे निजवून गुडघा सरळ ठेवा आणि पाऊल हळुवार नडगीकडे वाकवा. ते काटकोनाच्या थोडे पुढे सहज गेले पाहिजे. काटकोनापाशीच अडत असेल, तर पोटरीचे स्नायू आखडले आहेत. मूल उकिडवे बसताना टाचा जमिनीला टेकतात का, हेही पाहा. टाचा टेकवायला गेले की ते मागे कलंडत असेल, तर तज्ज्ञांकडे न्यावे.

आजार नाही याची खात्री झाली, की खेळातूनच पाय सुधारावेत. अस्वलासारखे टाचांवर चालणे, चढावर चालणे, वाळूत चालणे, उकिडवे बसून गोट्या किंवा मातीत खेळणे हे उत्तम. पोटरी ताणण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावा. तेल लावताना पाऊल जोराने ओढू नये. टाच टेकली की चूं चूं वाजणारे बूट आपल्या बाजारात मिळतात. टाचेखाली आवाज करणारी अशीच युक्ती काही फिजिओथेरपिस्टही वापरतात. पोटरी फारच आखडली असेल, तर काही आठवड्यांचे प्लॅस्टर आणि क्वचित मोठ्या मुलांत शस्त्रक्रिया करावी लागते. मारून, ओरडून मात्र सवय सुटत नाही. मूल चारचौघांत चालायलाच बिचकते.

बाळाला आत बसवून ढकलायचा वॉकर घेऊ नये. त्यात टेकून बसलेले बाळ पायाच्या बोटांनी जमीन मागे लोटते, चालण्याचा तोल शिकत नाही आणि उंबऱ्यावरून, जिन्यावरून वॉकरसकट पडते. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला पांगुळगाडा त्याहून बरा. त्याला धरून बाळ स्वतःच्या पायांवर उभे राहते. अर्थात तेव्हाही जवळ मोठे माणूस हवेच.

दहा पावले चालवून पाहा

घराघरांत पोलिओची धास्ती होती तेव्हा मुलाच्या पायाकडे सर्वांचे लक्ष असे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, ही मोठीच गोष्ट. पण पाय पाहण्याची सवय त्याबरोबर जाता कामा नये. २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन मुले तपासावीत, अशी योजना आहे. वजन, उंची, दात, डोळे पाहून झाले, की प्रत्येक मुलाला अनवाणी दहा पावले चालवावे आणि जमिनीवरून एकदा उठवून पाहावे. याला ना यंत्र लागते, ना पैसा. मुलामागे एक मिनिट पुरते. अंगणवाडी सेविकांना या दोन गोष्टी शिकवल्या, तर शंकास्पद मूल पुढे पाठवणे सोपे होईल.

पालकांनीही पथक गावात येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. मूल तीन वर्षांचे होऊनही चवड्यावर चालत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वर सांगितलेल्या खुणांपैकी एखादी असेल, तर वयाची वाट पाहू नये. आणि तपासताना कुणी मुलाला टेबलावरून खाली उतरवले नाही, तर "साहेब, जरा चालवून बघता का?" असे विचारण्यात संकोच बाळगू नये.