भेकराची गोळी आणि आमची दया

परवा आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगलंच भांडण झालं. कारण ऐकाल तर हसाल. कारण होतं एक भेकर!

झालं असं, की धाकटा पुतण्या इंग्लंडात मिल्टन कीन्सजवळ राहतो. त्याच्या परसातली गुलाबाची रोपं रात्री कुणीतरी खाऊन जातं. ते 'कुणीतरी' म्हणजे मंटजॅक, आपल्या भेकराचं चिनी भावंडं. जवळच्या वोबर्न नावाच्या सरदाराच्या इस्टेटीत शंभरेक वर्षांपूर्वी हौसेनं पाळलेली ही जनावरं बाहेर पडली आणि आता तिकडचा निम्मा मुलूख व्यापून बसली आहेत. पुतण्याचा शेजारी परवानाधारक शिकारी आहे. पुतण्यानं सहज लिहिलं, "काका, इथे एवढ्याशा हरणाला मारायचं तर गोळी किती जाडीची, किती जोराची हवी, हे कायद्यात लिहिलेलं आहे."

झालं! ग्रुपवर तुटून पडले सगळे. "मारायचं ते मारायचं आणि वर नीतीच्या गप्पा?" "कसायानं सुरीला गंध लावण्यातला प्रकार!" माझ्या सख्ख्या बहिणीनं तर "दादा, तू मास्तर माणूस, तू तरी यात पडू नकोस" असं बजावलं. पण मंडळी, मी पडणार. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस गप्प बसत नसतो.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, मांस खात नाही, आणि शिकारीची हौस मला कधीही कळलेली नाही. तरीसुद्धा माझं म्हणणं असं आहे, की 'कुठल्या गोळीनं' हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. नीती जर कुठे असेल तर ती तिथंच आहे.

मी दहा वर्षांचा असेन, म्हणजे 1960 च्या आसपासची गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन बारा वर्षं झाली होती, पण शिकारीचा रुबाब गेला नव्हता. भोकरच्या आसपास तेव्हा हरणांचे कळप सर्रास दिसत. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ (नाव कशाला, ते आज नाहीत) जीपगाडी, सर्चलाइट आणि बारा बोअरची बंदूक घेऊन रात्री निघायचे. एका रात्री त्यांनी आमच्या आखाड्यापलीकडे बार काढले. दोन जनावरं पडली, वाहवा झाली, मोठ्यांची रात्र मजेत गेली.

तिसऱ्या दिवशी ज्वारीत राखणीला गेलो तेव्हा धुऱ्याला मला एक हरिणी सापडली. जबड्याखालचा भाग छर्ऱ्यांनी उडालेला, पोटावर माशा. जिवंत होती. तीन दिवस! पाणी तिच्यापासून वीस पावलांवर होतं आणि तिला पिता येत नव्हतं. सालगड्यानं कुऱ्हाडीनं तिची सुटका केली आणि मला म्हणाला, "मालक, पाप मारण्यात न्हाई, अर्धं सोडण्यात हाये." तो अक्षरशत्रू होता. मी पुढं बी.ए. झालो, पण नीतिशास्त्राचा याहून मोठा धडा मला पुस्तकात मिळाला नाही.

आता त्या रात्री काय चुकलं ते बघा. बारा बोअर ही छर्ऱ्याची बंदूक. तिचे छर्रे जसे पुढे जातात तसे पसरतात. चाळीस यार्डांवर हात-दोन हात रुंद. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं ज्या जागेत असतात ती जागा भाकरीएवढी. म्हणजे बहुतेक छर्रे जाणार जबड्यात, पोटात, पायात. लांबून मारलेला छर्रा जनावराला मारत नाही, त्याला फक्त सडवतो.

आता तो इंग्लंडचा कायदा बघा. 1991 चा हरणांचा कायदा सांगतो, की हरणासाठी रायफलच वापरा, .240 इंचापेक्षा बारीक नको, आणि नळीतून सुटताना गोळीत किमान 1,700 फूट-पाउंड शक्ती हवी. 2007 मध्ये मंटजॅकसारख्या लहान हरणांसाठी हे माप खाली आणलं: .220 इंच, 1,000 फूट-पाउंड, आणि किमान 50 ग्रेन, म्हणजे सव्वातीन ग्रॅमची, मऊ किंवा पोकळ टोकाची गोळी. 1,000 फूट-पाउंड म्हणजे किती? सोयाबीनची पन्नास किलोची नऊ पोती एक फूट वर उचलायला लागते तेवढी ताकद.

इथं एक गंमत आहे. आपल्याकडची 'पॉइंट टू-टू' ही छोटी रायफलसुद्धा .22 इंचाचीच. म्हणजे कायद्यात बसली? छे! तिच्या गोळीत त्या शक्तीचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा असतो. नळी तेवढीच जाड, पण काडतुसातल्या दारूत जमीनअस्मानाचा फरक. म्हणून नुसता आकडा पाहणाऱ्यानं फसू नये (हे मी गणिताच्या मुलांनाही सांगत असे).

मऊ टोकाची गोष्ट तर त्याहून विचार करण्यासारखी. अंगात शिरून फुलणारी गोळी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी बनवली, म्हणून ती 'दमदम' गोळी. 1899 च्या हेग परिषदेनं ती युद्धात निषिद्ध ठरवली, कारण ती माणसाला फार भयंकर जखम करते. आणि तीच गोळी हरणासाठी सक्तीची! विसंगती वाटते ना? पण नाही. युद्धात शत्रू जखमी झाला तरी काम भागतं, मागे दवाखाना असतो. हरणाला दवाखाना नाही. त्याला एकतर मारू नये, नाहीतर क्षणात मारावं. मधला रस्ता म्हणजे माझ्या धुऱ्यावरची ती हरिणी.

"पण गुरुजी, आपल्याकडे शिकार बंदच आहे, मग ही चर्चा कशाला?" असं कुणी म्हणेल. बंद आहे? 1972 साली, आपण दुष्काळात खडी फोडत होतो त्याच साली, वन्यजीव कायदा झाला. काळवीट, चिंकारा, चौशिंगा पहिल्या अनुसूचीत आहेत. पीक खाल्लं म्हणून त्यांना मारता येत नाही, आणि येऊही नये. पण रोही आणि रानडुक्कर यांना पिकाच्या नुकसानीसाठी मारण्याचा परवाना मिळू शकतो, आणि 2015 मध्ये आपल्या सरकारनं त्याची रीत सोपीही केली. म्हणजे गोळी चालणार आहे. प्रश्न एवढाच, की कुठली?

2016 मध्ये बिहारात मोकामाच्या ताल भागात दोनशेच्या वर रोही मारले गेले. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचं त्यावरून जाहीर भांडण झालं. मारावं की मारू नये यावर सगळे बोलले. कसं मारलं, जखमी किती पळाले, त्यांचा माग कुणी काढला, यावर कुणी तावातावानं बोलल्याचं मला तरी आठवत नाही. मग 2019 मध्ये त्याच राज्यात वैशाली जिल्ह्यात एक जखमी रोही खड्ड्यात लोटून जिवंतपणी वर माती ओढल्याची चित्रफीत देशभर फिरली. हा न विचारलेल्या प्रश्नाचा निकाल.

आणि गावात काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. ठासणीच्या बंदुकीत सायकलचे छर्रे. कणकेच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब, जो डुकराचा जबडा फोडतो आणि जीव घेत नाही. कुंपणाच्या तारेत सोडलेला करंट, ज्यात रोही मरतो आणि एखाद्या रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारचा पोरगाही मरतो. हे सगळं आपण 'बंदी आहे' या चार अक्षरांखाली झाकून ठेवलं आहे. शहरातल्या प्राणिमित्राला ते दिसत नाही, आणि गावातला म्हणतो, "जनावर गेलं म्हणजे झालं." मला दोघंही सारखेच दोषी वाटतात. एकाला हात मळवायचे नाहीत, दुसऱ्याला ते धुवायचे नाहीत.

शेतकऱ्याला मी नावं ठेवत नाही, बरं का. रात्रीतून एकराचं सोयाबीन आडवं झालेलं मी पाहिलं आहे. बँक रोह्याच्या नावानं कर्ज माफ करत नाही. पण म्हणूनच माझी मागणी साधी आहे. परवाना देणाऱ्यानं त्याच कागदावर लिहावं: कुठलं हत्यार, कुठली गोळी, किती पावलांवरून, नेम कुणाचा तपासला, गोळीच्या मागे मातीचा चढ आहे की पलीकडे वस्ती (रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाते आणि आपलं रान तव्यासारखं सपाट!), आणि जखमी जनावराचा माग काढून त्याला संपवण्याची जबाबदारी कुणाची. इंग्लंडातही पीक वाचवणाऱ्या शेतकऱ्याला छर्ऱ्याच्या बंदुकीची एक सवलत आहे, पण तिथंही बंदुकीचं नि छर्ऱ्याचं माप लिहून दिलं आहे. रात्री हरीण मारायला मनाई आहे.

हे लिहिता येत नसेल तर परवाना देऊ नका. मग पूर्ण भरपाई वेळेवर द्या, कुंपणाला पैसे द्या, आणि मध्य प्रदेशानं 2025 मध्ये शाजापूर भागात हेलिकॉप्टरनं हाकून शेकडो काळवीट जिवंत पकडून दुसरीकडे नेले, तसलं काही करा. महाग आहे? असेल. स्वस्तातली दया अशी नसतेच कुठे.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की इंग्रजांनी आपल्याकडचं बरंच काही नेलं, त्यांच्याकडून ही एक गोष्ट उचलायला हरकत नाही. मारणाऱ्यानं आधी मरणाऱ्याचा विचार करावा. बहिणीनं उत्तर दिलं नाही, नुसते हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते पटलं म्हणून की 'पुरे कर' म्हणून, कळलं नाही!

असो. तो सालगडी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्याचं वाक्य मी परवान्याच्या प्रत्येक कागदावर छापायला लावलं असतं.