‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध कप जिंकल्यावरच का संपतो?



मागच्या महिन्यात नववीच्या वह्या तपासत होतो. विषय नेहमीचाच, ‘माझा आवडता खेळाडू’. खरं सांगतो, विसाव्या वहीनंतर मी वाचणं सोडलं आणि नुसतं बघायला लागलो. नाव बदलतं, निबंध तोच. सामान्य घरात जन्म, लहानपणापासून खेळाची आवड, अपार कष्ट, मग मोठा विजय, पुरस्कारांची यादी आणि शेवटी ‘मलाही त्यांच्यासारखे व्हायचे आहे’. सचिन असो, धोनी असो, मेस्सी असो, साचा एकच. आणि मुलांना दोष देऊन उपयोग नाही. नमुना निबंध आपणच फळ्यावर लिहून देतो, आपणच तो पाठ करायला सांगतो. मीसुद्धा वर्षानुवर्षे हेच केलं आहे.

म्हणून यंदा ठरवलं, आपण स्वतः एक निबंध लिहून वर्गात वाचायचा. मार्गदर्शकात मिळणार नाही असा खेळाडू घ्यायचा. मी घेतला बेनी मॅकार्थी. वर्गात एकच प्रश्न आला, “कोण, सर?” चला, म्हटलं, निदान पाठ केलेलं तरी नाही.

तुमच्यापैकीही अनेकांनी हे नाव ऐकलं नसेल, म्हणून थोडं सांगतो. दक्षिण आफ्रिकेचा हा स्ट्रायकर. जन्म १२ नोव्हेंबर १९७७, केपटाऊनचा. वाढला हॅनोव्हर पार्कमध्ये. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या भागांतून इतर लोकांना उठवून शहराबाहेरच्या सपाट, वालुकामय पट्ट्यात नेऊन टाकलं, त्यातली ही एक वस्ती. बेकारी आणि टोळीयुद्ध यांसाठी ती आजही ओळखली जाते.

इथे एक गोष्ट निबंधात हमखास सुटते. तो जन्मला तेव्हा त्याच्या देशाला आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळायची परवानगीच नव्हती. वर्णभेदामुळे फिफाने दक्षिण आफ्रिकेला आधी निलंबित केलं होतं आणि १९७६ साली काढूनच टाकलं. पुन्हा प्रवेश मिळाला १९९२ मध्ये. तेव्हा बेनी १४ वर्षांचा होता. हाच मुलगा दहा-पंधरा वर्षं आधी जन्मला असता, तर तितकेच कष्ट, तितकीच आवड, पण देशासाठी खेळण्याचं दार बंद. ‘कष्ट केले की फळ मिळतेच’ हे वाक्य मी त्या दिवसापासून फळ्यावर लिहिणं बंद केलं आहे. कष्ट लागतातच, पण दार उघडं असावं लागतं, आणि ते उघडायला दुसऱ्या कुणीतरी वर्षानुवर्षे झगडलेलं असतं.

पुढचा भाग मुलांना आवडला. १९९७ साली, वयाच्या १९व्या वर्षी तो हॉलंडच्या आयॅक्स क्लबकडे गेला आणि पहिल्याच हंगामात संघाने लीग आणि कप दोन्ही जिंकले. १९९८च्या आफ्रिकन नेशन्स कपमध्ये त्याने सात गोल केले, त्यातले चार नामिबियाविरुद्धच्या एकाच सामन्यात. त्याच वर्षी फ्रान्समधल्या वर्ल्डकपमध्ये डेन्मार्कविरुद्ध त्याने गोल केला, तोही पीटर श्मायकेलसारख्या गोलकीपरच्या दोन पायांमधून. दक्षिण आफ्रिकेचा वर्ल्डकपमधला तो पहिला गोल. वय फक्त वीस. इथपर्यंत सगळं कसं निबंधात बसतं, नाही का?

मग तो १९९९ मध्ये स्पेनच्या सेल्टा व्हिगोकडे गेला, मोठी किंमत देऊन घेतलेला खेळाडू म्हणून, आणि हळूहळू बाकावर बसायला लागला. निबंधात याला ओळ नसते. असलीच तर ‘काही अडचणी आल्या’. अहो, अडचणी म्हणजे काय? परदेशात, परक्या भाषेत, ज्या कामासाठी बोलावलंय तेच काम करायला न मिळणं. आठवडाभर सराव करायचा आणि रविवारी दुसऱ्याला खेळताना बघायचं. आपल्या शाळेतल्या राखीव खेळाडूला विचारा, तो नेमकं सांगेल.

२००२च्या सुरुवातीला पोर्तुगालच्या पोर्तो क्लबने त्याला काही महिन्यांसाठी उसना घेतला. (हो, फुटबॉलमध्ये खेळाडू उसने देतात. वर्गात यावर पाच मिनिटं हशा पिकला.) तिथे जोझे मोरिन्यो नावाचा तरुण प्रशिक्षक नुकताच आला होता. बेनीने लीगच्या ११ सामन्यांत १२ गोल केले. तोच माणूस, तेच पाय! पण पोर्तोकडे त्याला कायमचा घ्यायला पैसे नव्हते, तो परत सेल्टात गेला, आणि पुढच्या हंगामात पोर्तोने त्याच्याविना यूएफा कप जिंकला. त्यानेही सेल्टाला लीगमध्ये चौथं स्थान मिळवून द्यायला हातभार लावला. २००३ मध्ये तो अखेर पोर्तोत परतला.

आता इथे थांबतो, कारण वर्गाला खरी मजा इथे आली. २००४ची चॅम्पियन्स लीग, पोर्तो विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. पहिला सामना पोर्तोने २-१ असा जिंकला, दोन्ही गोल बेनीचे. दुसरा सामना ९ मार्चला ओल्ड ट्रॅफर्डवर. युनायटेड १-० ने पुढे. निकाल असाच राहिला असता, तर बाहेरच्या मैदानावर केलेल्या गोलच्या जोरावर युनायटेड पुढे जाणार होतं. ९० मिनिटं होत आली आणि पोर्तोला फ्री किक मिळाली. किक घेतली बेनीने. गोल झाला नाही. गोलकीपर टिम हॉवर्डने चेंडू अडवला, पण तो त्याच्या हातात राहिला नाही, उसळून पुढे आला, आणि धावत आलेल्या कॉस्टिन्याने तो जाळ्यात ढकलला. सामना १-१, पोर्तो पुढे, युनायटेड बाहेर. मोरिन्यो कोट उडवत रेषेवरून धावत सुटला. जगाला आठवते ती धाव. नोंदवहीत नाव कॉस्टिन्याचं. आणि ज्याने किक घेतली त्याच्या खात्यावर त्या दिवशी काहीच नाही.

मी मुलांना विचारलं, या गोलमध्ये कुणाचा वाटा किती? वर्गात दहा मिनिटं नुसता कल्ला. गणिताच्या बाई डोकावून गेल्या.

त्या हंगामात पोर्तोने चॅम्पियन्स लीग जिंकली, अंतिम सामन्यात मोनॅकोला ३-० हरवून. बेनी त्या सामन्यात शेवटची काही मिनिटं बदली खेळाडू म्हणून उतरला. त्याच हंगामात पोर्तुगीज लीगमध्ये सर्वाधिक, २० गोल त्याचेच होते. आपला नमुना निबंध बरोबर इथे संपला असता. ‘अशा प्रकारे एका गरीब वस्तीतील मुलाने युरोप जिंकला.’ पूर्णविराम.

पण माणूस तेव्हा फक्त २६ वर्षांचा होता हो. पुढे ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून इंग्लंडमध्ये पहिल्याच हंगामात १८ लीग गोल, त्याच्यापुढे फक्त द्रोग्बा, २० गोल. आणि मग २०१०. वर्ल्डकप पहिल्यांदाच आफ्रिकेत, त्याच्याच देशात होणार होता. बेनी ३२ वर्षांचा. देशासाठी सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर, एकूण ३१, तो विक्रम आजही मोडलेला नाही. त्या वर्षाच्या सुरुवातीला तो वेस्ट हॅमकडे गेला होता, पण दुखापतींनी ग्रासलेला, वजन वाढलेलं. १ जूनला प्रशिक्षक कार्लोस आल्बेर्तो पारेरा यांनी २३ जणांचा संघ जाहीर केला. त्यात त्याचं नाव नव्हतं. सामने सुरू व्हायला दहा दिवस होते.

इथे वर्गात शांतता झाली. मग एक मुलगी म्हणाली, “सर, पण हा अन्याय आहे!” दुसरा म्हणाला, “अन्याय कसला? फिट नव्हता ना.” दोघांचंही मी ऐकून घेतलं. मला विचाराल तर पारेरांचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्याचं शरीर त्या दिवशी साथ देत नाही, त्याला जुन्या गोलांच्या हिशेबावर घेता येत नाही. आणि तरीही, ज्याने देशाचा पहिला वर्ल्डकप गोल केला त्याने घरचा वर्ल्डकप बाहेरून बघावा, हे दुःख खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे नववीतल्या मुलांना कळतं. आपल्यालाच वाटतं कळणार नाही. वेस्ट हॅमकडून त्याचा एकही गोल झाला नाही. एप्रिल २०११ मध्ये करार मुदतीआधीच संपला.

मग तीच मुलगी म्हणाली, “सर, मग तो तुमचा आवडता कसा?”

मी आधी काहीतरी ठोकळेबाज बोलून गेलो, अपयश ही यशाची वगैरे. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की हे उत्तर नाही. मग जे खरं होतं ते सांगितलं. तो मला आवडतो, कारण त्याची गोष्ट मला सगळी माहीत आहे. ३३व्या वर्षी तो घरी परतला, ऑर्लॅंडो पायरेट्सकडून खेळला, आणि पहिल्याच हंगामात संघाने लीग जिंकली. मग तो प्रशिक्षक झाला, आधी बेल्जियममध्ये सहायक म्हणून, मग केपटाऊन सिटी, मग अमाझुलू. २०२२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला प्रशिक्षकांच्या ताफ्यात घेतलं, आघाडीच्या खेळाडूंना शिकवायला. हो, तेच युनायटेड, ज्यांना २००४ मध्ये बाहेर काढायला त्याचा हातभार होता! २०२५ पासून तो केनियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आहे. मला वाटतं, एखाद्या तरुण स्ट्रायकरला संघातून वगळलंय हे सांगायची वेळ येते, तेव्हा त्या खोलीत बसलेल्या माणसाला ते दुसऱ्या बाजूनेही माहीत असतं. हे माझं अनुमान आहे, मुलांनाही तसंच सांगितलं.

आमचे एक सहकारी म्हणतात, मुलांसमोर पडझड कशाला मांडायची, प्रेरणा मिळायला हवी. पाचवीच्या वर्गापुरतं मला ते पटतं. पाचवीत मीही कप जिंकल्यावर थांबेन. पण नववीतला मुलगा स्वतःच कुठे ना कुठे वगळला गेलेला असतो. निवड चाचणीत, स्कॉलरशिपमध्ये, तुकडीत. त्याने वाचलेल्या प्रत्येक जीवनचरित्रात नायक कधी वगळलाच जात नसेल, तर तो स्वतःबद्दल काय समजेल? की आपण त्या गोष्टीतले नाहीच.

पालकांनो, एक तुमच्यासाठी. आमच्या शाळेचा गोलकीपर नववीतच आहे. सप्टेंबरमध्ये जिल्ह्याच्या निवडीत त्याचं नाव आलं नाही. तेव्हापासून मैदानावर येईना. पालकसभेत वडील म्हणाले, “सर, खेळाचं बास झालं आता, अभ्यास करू दे.” त्यांचं दुखणं मला कळतं. रोज पहाटे साडेपाचला मुलाला स्कूटरवर मैदानात सोडणारे तेच होते. पण मुलाला नापास झाल्यावर आपण शाळा सोडायला सांगत नाही ना? मग खेळातच एका ‘नाही’वर दार का लावून घ्यायचं? मी त्यांना म्हटलं, जिल्ह्यासाठी नाही, निदान शाळेसाठी खेळू द्या, दहावी होईपर्यंत आठवड्यातून दोन दिवस. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

त्या तासाला तो शेवटच्या बाकावर होता. सगळा निबंध ऐकताना एक शब्द बोलला नाही. घंटा झाल्यावर टेबलाजवळ आला आणि विचारलं, “सर, त्या गोलकीपरचं पुढे काय झालं?”

“कुठल्या?”

“ज्याच्या हातून चेंडू सुटला तो. हॉवर्ड.”

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. घरी जाऊन शोधलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं. युनायटेडमधली त्याची जागा गेली. मग तो एव्हर्टनला गेला आणि तिथे कितीतरी वर्षं खेळला. २०१४च्या वर्ल्डकपमध्ये अमेरिकेकडून बेल्जियमविरुद्ध त्याने इतके फटके अडवले की त्याची विक्रम म्हणून नोंद झाली.

“मग अमेरिका जिंकली?”

“नाही. जादा वेळेत २-१ ने हरली.”

“बरं,” म्हणाला, आणि वही मागून घेऊन गेला. त्याचा आधीचा निबंध रोनाल्डोवर होता. त्याला दुसरा लिहायचा होता.