ट्रॉलीची जोडणी : एक लोखंडाची, एक वायरीची



दिवाळी उरकली की उसाच्या पट्ट्यात कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात. तोड दिवसा होते, पण गाडी भरून निघेपर्यंत दिवस कलतो. कारखान्यावरचा नंबर गाठायचा म्हणजे वाहतूक बहुतेक रात्रीचीच. म्हणून हंगामाच्या तोंडावर आज एकाच गोष्टीविषयी सांगायचे आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना जोडण्या दोन असतात. एक लोखंडाची, म्हणजे हुक, पिन आणि कडी. दुसरी वायरीची, म्हणजे मागच्या दिव्यांची. पहिली केल्याशिवाय ट्रॉली हालतच नाही, म्हणून ती कोणी विसरत नाही. दुसरी नसली तरी ट्रॉली चालते, आणि घात नेमका तिथेच होतो.

आपल्या वाडवडिलांच्या बैलगाडीच्या आसाखाली कंदील लोंबत असे. त्या उजेडात बैलांना वाट दिसावी एवढाच त्याचा हेतू नव्हता. मागून येणाऱ्याला गाडी दिसावी हाही होता. बैलगाडीपेक्षा कितीतरी जास्त ओझे आज आपण नेतो, आणि मागून येणारी वाहनेही वेगाने येतात. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर कापते. चालकाला समोरचे दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच एखादा सेकंद जातो, आणि पुढे ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे बिनदिव्याची ट्रॉली ३०-३५ मीटरवर आल्यावर दिसली, तर तिचा निरुपाय झालेला असतो. त्या गाडीवर आपल्याच गावचा पोरगा असू शकतो.

आता आधी लोखंडाची जोडणी पाहू.

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या अंगाला पक्क्या बसवलेल्या ट्रॉली-हुकालाच जोडावी. खालच्या दोन हातांमध्ये बसणारी भोकांची पट्टी हलक्या कामासाठी ठीक आहे. पण हायड्रॉलिकचा दांडा चुकून हालला, तर ती पट्टीही वरखाली होते. भरल्या ट्रॉलीला ती नको. वरच्या मधल्या दांड्याच्या जागी, म्हणजे टॉप लिंकच्या ठिकाणी, साखळी किंवा ट्रॉली कधीही बांधू नये. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की चढावर किंवा चिखलात ट्रॅक्टरचे नाक उचलते आणि तो चालकासकट मागे उलटतो. ओढ आसाच्या खालीच राहिली पाहिजे, हा नियम पाठ करून ठेवावा.

पिन कडीच्या भोकाला बेताची बसणारी असावी. भोक मोठे आणि पिन बारीक असेल, तर प्रत्येक खड्ड्यात आणि प्रत्येक ब्रेकला घणाचा घाव बसल्यासारखा दणका बसतो. त्याने पिनही झिजते आणि कडीही लांबोळी होते. पिन काढून कडी घासते त्या जागी बोट फिरवावे. खाच लागली तर पिन बदलावी. जुना बोल्ट, पहारीचा तुकडा किंवा सळई वाकवून काम भागवू नये. पिनेच्या खालच्या भोकात कॉटर पिन हवीच, नाहीतर धक्क्याने मोठी पिन वर उडते. शिवाय दांड्याखालून दोन मजबूत साखळ्या एकमेकींना ओलांडून ट्रॅक्टरला अडकवाव्यात. पिन तुटलीच तर दांडा त्या साखळ्यांच्या झोळीत पडतो, जमिनीत रुततही नाही आणि ट्रॉली सुटून मागच्यांवरही जात नाही.

नवी ट्रॉली घेताना कडीचा आकार आपल्या हुकाला जुळतो का, ते जागेवर जोडूनच पाहावे. ट्रॉलीचा तळ जोडल्यावर साधारण सपाट दिसला पाहिजे. दोन चाकी ट्रॉली भरताना ओझे आसाच्या किंचित पुढे ठेवावे. मागे जास्त भरले तर दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाके जागीच फिरू लागतात. पुढे फारच भरले तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. जोडताना ट्रॅक्टर मागे घेतेवेळी ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. ट्रॉलीला घोडी किंवा जॅक लावून दांडा आधीच योग्य उंचीवर ठेवला, म्हणजे हाताने दांडा उचलून धरायची वेळच येत नाही.

आता वायरीची जोडणी.

ट्रॅक्टरच्या मागे सात टोकांचे गोल सॉकेट असते. नसल्यास ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावे. सॉकेटचे झाकण उघडून नीट पाहिले, तर टोकांशेजारी १ ते ७ आकडे कोरलेले दिसतात. बारा व्होल्टच्या अशा सॉकेटची आंतरराष्ट्रीय मांडणी अशी आहे : १ला पिवळी वायर, डावा इंडिकेटर. २ला निळी, मागचा धुक्याचा दिवा. आपल्याकडे हे टोक पुष्कळदा रिकामे असते. ३ला पांढरी, अर्थिंग. ४ला हिरवी, उजवा इंडिकेटर. ५ला तपकिरी, उजवा मागचा लाल दिवा. ६ला तांबडी, ब्रेकचा दिवा. ७ला काळी, डावा मागचा दिवा आणि नंबरप्लेटचा दिवा. हा कागद कापून शेडच्या दाराला चिकटवावा. मात्र जुन्या ट्रॅक्टरवर आधीच कोणी रंग बदलून वायरी जोडलेल्या असतात. तेव्हा रंगावर विसंबू नये, टेस्टिंगचा बल्ब लावून प्रत्येक टोक तपासावे आणि मगच जोडावे.

या सातांत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते तिसऱ्या टोकाकडे. अर्थिंग पिनेतून आणि कडीतून मिळतेच, मग वेगळी वायर कशाला, असे पुष्कळजण म्हणतात. पण पिनेला ग्रीस असते, कडीला गंज असतो, हुकाला रंग असतो. ट्रॉली हिंदकळली की तो संबंध सुटतो आणि मागचे दिवे लुकलुकतात. ब्रेक दाबला की लाल दिवा उजळण्याऐवजी मंद होतो, डावा इंडिकेटर दिला की भलताच दिवा मिणमिणतो. असे वेडेवाकडे चाळे दिसले, तर बल्ब बदलत बसण्याआधी अर्थिंग पाहावी. दहापैकी नऊ वेळा तिथेच घोडे अडलेले असते. पांढरी वायर स्वतंत्र ओढावी, तिच्या टोकाला लग दाबून बसवावी, सांगाड्याचा रंग पॉलिश पेपरने खरवडून बोल्टने घट्ट आवळावी आणि वरून थोडे ग्रीस लावावे.

वायर किती जाडीची घ्यावी? हिशेब सोपा आहे. ब्रेकचा आणि इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, मागचा लाल दिवा ५ वॅटचा. बारा व्होल्टवर २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे ब्रेकचे दोन दिवे साडेतीन अँपिअर. लाल दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि एक इंडिकेटर मिळवला, तर एका ट्रॉलीच्या अर्थिंगच्या वायरीतून साडेसहा अँपिअर जातात. दोन ट्रॉल्या जोडल्या तर त्याच्या दुप्पट. म्हणून दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची आणि अर्थिंगला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर घ्यावी. बारीक वायर घेतली तर लांबीमुळे दाब उतरतो आणि शेवटचा दिवा काजव्यासारखा दिसतो.

ट्रॉली जोडल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकू लागला किंवा अजिबात लुकलुकेना, तर दोष फ्लॅशरचा असतो. ट्रॅक्टरचा फ्लॅशर ठरावीक वॅटचा भार धरून बनवलेला असतो. त्याच्यावर आकडा लिहिलेला असतो, तो पाहून वाढीव भार पेलणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. एलईडी दिवे लावायचे असतील तर उत्तमच. ते वीज फार थोडी घेतात आणि धक्क्याने त्यांची तार तुटत नाही. मात्र एलईडीला उलटसुलट जोडणी चालत नाही, आणि फ्लॅशरही एलईडीला चालणाराच घ्यावा.

फ्यूज उडाला तर तो का उडाला हे शोधावे. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून घालणे म्हणजे घरात विस्तव ठेवून झोपण्यासारखे आहे. ट्रॉलीत वाळलेले पाचट असते. उघड्या वायरीची ठिणगी त्याला पुरेशी होते. म्हणून केबल रबरी किंवा प्लॅस्टिकच्या नळीतून, सांगाड्याच्या आतल्या बाजूने न्यावी. जोडाजवळ वळणापुरती सैल ठेवावी, पण जमिनीला घासेल किंवा पीटीओच्या दांड्यात अडकेल इतकी सैल नको. हंगाम संपल्यावर केबल सोडून, गुंडाळून, उंदीर पोचणार नाहीत अशी टांगून ठेवावी.

दोन ट्रॉल्या ओढत असाल, तर पहिल्या ट्रॉलीच्या मागेही सॉकेट बसवावे. मागच्याला दिसते ती शेवटची ट्रॉली. पहिलीचे दिवे कितीही लखलखीत असले, तरी ते दुसरीच्या उसाआड जातात. एका ट्रॉलीतही हाच प्रश्न येतो. मोळ्यांचे वाढे मागे लोंबतात आणि दिवे झाकतात. दिवे मागच्या चौकटीच्या दोन्ही टोकांना बसवावेत, आणि निघण्यापूर्वी त्यांच्यासमोर आलेले वाढे कोयत्याने छाटावेत.

दिवा कधीतरी दगा देणारच, म्हणून त्याच्या जोडीला परावर्तक पट्टी लावावी. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. तिला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही. दर खेपेला ओल्या फडक्याने पुसली म्हणजे झाले. वाटेत पंक्चर झाले, तर ट्रॉली डांबरावरून खाली घ्यावी आणि मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. त्रिकोणाऐवजी दगड मांडायचे आणि काम झाल्यावर तसेच टाकून निघून जायचे, ही वाईट खोड आहे. आपली ट्रॉली सुखरूप पोचते आणि त्या दगडांवर दुसऱ्याचा संसार आपटतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रॉली हेही वाहनच आहे. तिची नोंदणी असावी, आणि विम्याच्या पॉलिसीत ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही उल्लेख आहे का, हे वाचून घ्यावे. न वाचताच पॉलिसी पेटीत टाकण्याची आपली सवय नंतर महागात पडते.

माताभगिनींना एक विनंती. ही तपासणी एकट्याने होत नाही. एकाने ट्रॅक्टरवर बसून ब्रेक, डावा, उजवा असे क्रमाने लावायचे आणि दुसऱ्याने मागे उभे राहून "लागला", "नाही लागला" असे ओरडून सांगायचे. हे काम घरातली शाळकरी मुलगीसुद्धा चोख करते. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावतो, त्याच वेळी अंगणातल्या ट्रॉलीचे दिवेही पाहून घ्यावेत. पाच मिनिटे लागतात. आणि पोरांना जोडाच्या दांड्यावर उभे राहू देऊ नये, चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढू देऊ नये. रागावून नाही ऐकले, तर समजावून सांगावे, पण ऐकवावेच.

कोणी म्हणेल, "दहा वर्षे बिनदिव्याची ट्रॉली चालवली, काही झाले नाही." त्याला एवढेच सांगावे की म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. एक रात्र निभावली की दुसऱ्या रात्री धीर येतो, आणि धीर वाढता वाढता एक दिवस धुके पडते. पिन, साखळ्या, दीडेकशे हात वायर, एक फ्लॅशर आणि पट्टीची गुंडाळी, एवढाच हा मामला आहे. एका खेपेच्या भाड्याकडे पाहून तो पुढे ढकलू नये.

पुढील लेखांकात ट्रॉलीचे ब्रेक आणि उतारावरची भरली गाडी, याविषयी लिहू.