संघातून कमी करायच्या खेळाडूंना आधी समोर बसवून सांगण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव व सर्व कार्यकारिणी सदस्य,
आपले क्रीडा मंडळ, अंबाजोगाई, जि. बीड.

विषय : मंडळाच्या कबड्डी संघातील जुन्या खेळाडूंना न कळवता वगळले जात असल्याबाबत.

संदर्भ : १) गेल्या हंगामापूर्वीचे आमचे निवेदन. २) कबड्डी दिनाच्या कार्यक्रमात आपण सर्वांसमोर दिलेला शब्द. ३) दिवाळीनंतरचे स्मरणपत्र. यांपैकी एकाही पत्राचे लेखी उत्तर आजवर मिळालेले नाही.

महोदय,

संघात कोणाला ठेवायचे, कोणाला नाही, हा निवड समितीचा अधिकार आहे. हे आम्ही दोन्ही पत्रांत स्पष्ट लिहिले होते. तरीही ‘जुन्यांना जागा सोडवत नाही’ अशी चर्चा मंडळाच्या कार्यालयात झाल्याचे कानावर आले, म्हणून पुन्हा लिहावे लागते. नवी मुले आलीच पाहिजेत. बीडच्या सचिन धसने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या, मूळ केज तालुक्यातील प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली जानेवारी २०२५ मध्ये भारतीय महिलांनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तेव्हा आपल्या मैदानावर पेढे वाटणारे हेच जुने खेळाडू होते. आमची तक्रार आहे ती वगळण्याच्या रीतीबद्दल.

आपला डावा कोपरा सांभाळणारा खेळाडू कोण, हे नाव न लिहिताही आपणा सर्वांना ठाऊक आहे. एक तपाहून अधिक काळ त्याने ही जागा राखली. मॅट आपल्याकडे आली ती अलीकडे. त्याआधी मातीवर, अनवाणी पायांनी, चढाईपटूचा घोटा धरून फरफटत जाणे हेच कोपऱ्याचे काम होते. अंगणात तिघेच उरले असताना त्याने केलेल्या अव्वल पकडींवर आपण किती सामने वाचवले, ते कार्यालयातल्या कपाटातल्या ढालींकडे पाहिले तरी आठवेल. याच कामात त्याचा गुडघा गेला. उपचाराचा खर्च त्याने स्वतः केला. ‘मंडळ बघेल’ असे त्यावेळी सांगितले गेले होते. मंडळाने काही बघितले नाही.

मागच्या खुल्या स्पर्धेला संघ निघाला, त्या पहाटे हा खेळाडू नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन बसस्थानकासमोर उभा होता. आदल्या संध्याकाळच्या सरावात त्याला कोणी काही बोलले नव्हते. उलट ‘पाचला ये’ असेच सांगितले गेले होते. संघाची जीप दुसऱ्या रस्त्याने निघून गेली. त्याने संघ व्यवस्थापकांना फोन केले, ते उचलले गेले नाहीत. एका सहकाऱ्याने उचलला आणि ‘दादा, मला काही विचारू नका’ एवढेच म्हणाला. उजाडल्यावर मोबाइलवर संघाचे छायाचित्र आले. त्यात त्याच्या क्रमांकाची जर्सी दुसऱ्याच्या अंगावर होती. दुपारी त्याला संघाच्या ग्रुपमधूनही काढून टाकण्यात आले. त्या दिवसाची मजुरी बुडवून तो आला होता. हे सगळे टाळायला पाच मिनिटांचे एक बोलणे पुरले असते. ते बोलायला आपल्यापैकी एकालाही वेळ मिळाला नाही, की धीर झाला नाही?

ज्या मुलाला ती जर्सी दिली, तो गुणी आहे. पकडीची वेळ त्याला अचूक साधते. त्याला हे काहीच माहीत नव्हते. स्पर्धेहून परतल्यावर तो जर्सी परत द्यायला त्या खेळाडूच्या घरी गेला आणि दारातच रडला. आता गल्लीतली पोरे त्यालाच टोमणे मारतात. जुन्याचा अपमान करून आपण नव्याच्याही वाटेत काटे पेरले आहेत, हे आपल्या लक्षात आले आहे का?

हे आपल्याच गावात घडते असे नाही. मुंबई इंडियन्सने १५ डिसेंबर २०२३ रोजी रोहित शर्मा यांच्या जागी हार्दिक पंड्या यांना कर्णधार नेमले. नेमण्याचा अधिकार संघमालकांचाच होता. पण ज्याच्या नेतृत्वाखाली पाच विजेतेपदे मिळाली, त्याच्याशी असे वागलेले लोकांना पटले नाही, आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिक यांची हुर्यो उडवली. संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. पराभवाची कारणे अनेक असतील, पण हार्दिक यांना जे सोसावे लागले ते त्यांचे देणे नव्हते.

त्याआधीचे उदाहरण अजित वाडेकर यांचे. १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली आपण वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकल्या, मुंबईत मिरवणूक निघाली. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात तिन्ही कसोटी हरलो, लॉर्ड्सवर डाव ४२ धावांत आटोपला. परतल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले, आणि त्यांनी खेळणेच सोडले. कर्णधारपद गेले असते तर कोणाला नवल वाटले नसते. पण तीन वर्षांपूर्वी ज्याला डोक्यावर घेतले, त्याला विभागाच्या संघातही जागा ठेवली नाही. आज पन्नास वर्षांनीही जुने जाणते हे सांगताना हळहळतात.

संपला म्हणून सोडलेला माणूस खरोखरच संपलेला असतो, असेही नाही. मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे वसीम जाफर पुढे विदर्भाकडे गेले. चाळिशीतल्या त्या फलंदाजाने २०१८-१९ च्या हंगामात हजारावर धावा काढल्या आणि विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला. आपल्या कबड्डीतच पाहा : २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांना २७-२४ असे हरवणाऱ्या इराणच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या डाव्या कोपऱ्याकडे जे आहे, ते नव्या मुलांना शिकवायला त्याला आदराने बोलवायला हवे होते. तसे आश्वासन आपण कबड्डी दिनी दिलेही होते : ‘जुन्यांना प्रशिक्षणात घेऊ, त्यांचा सत्कार करू.’ त्या दिवशी जुने खेळाडू स्वच्छ कपडे घालून पुढच्या रांगेत बसले होते. पाहुण्यांचे सत्कार झाले, आभारप्रदर्शन झाले, मांडव उतरला. यांची नावे कोणी पुकारली नाहीत. ‘पुढच्या कार्यक्रमात नक्की’ असे आपण म्हणालात. तो पुढचा कार्यक्रमही होऊन गेला.

म्हणून आमच्या मागण्या पुन्हा मांडतो.

१. ज्या खेळाडूला पुढच्या स्पर्धेसाठी घ्यायचे नाही, त्याला संघ निघण्याच्या निदान आठ दिवस आधी, अध्यक्ष किंवा सचिवांनी स्वतः, समोर बसवून सांगावे. ग्रुपवर यादी टाकून नव्हे, दुसऱ्या खेळाडूच्या तोंडून नव्हे. कारणही सांगावे : गुडघा, वेग, वय, बाहेरून आणलेला खेळाडू, जे असेल ते. खरे कारण ऐकायची आमची तयारी आहे. हे त्याला कळेपर्यंत त्याची जर्सी दुसऱ्याला देऊ नये.

२. वर उल्लेखलेल्या खेळाडूची कार्यकारिणीने त्याच्या घरी जाऊन माफी मागावी आणि उपचाराचा खर्च द्यावा.

३. बाहेरगावचे खेळाडू मानधन देऊन आणायचे असतील तर आधी बैठकीत सांगावे.

४. जुन्या खेळाडूंची रखडलेली प्रमाणपत्रे द्यावीत.

५. नव्या मुलांच्या सरावासाठी दोन जुने खेळाडू नेमावेत.

यातील दुसऱ्या मागणीतल्या खर्चाखेरीज मंडळावर फारसा भार नाही. पहिल्या मागणीला तर एक पैसाही लागत नाही, आणि तीच आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे.

येत्या १५ जुलैपूर्वी, म्हणजे बुवा साळवी यांच्या जयंतीच्या कबड्डी दिनाआधी, लेखी उत्तर मिळावे. ‘बघू’, ‘बैठकीत घेऊ’ ही तोंडी उत्तरे आता आम्ही धरणार नाही. उत्तर न आल्यास त्या दिवसापासून सही करणारे सर्व खेळाडू, नव्या संघात निवडलेले सुद्धा, मंडळाच्या जर्सीत मैदानात उतरणार नाहीत. सराव मात्र रोज संध्याकाळी चालू राहील, आणि डाव्या कोपऱ्यातून तोच घेईल.

कळावे,

आपले,
मंडळाचे आजी-माजी कबड्डी खेळाडू व पालक,
अंबाजोगाई

सोबत : सह्यांची यादी, आधीच्या दोन्ही पत्रांच्या पोच घेतलेल्या प्रती.