वाचली, म्हणून हिशेब मिटला नाही

डॉक्टरसाहेब,



तुमचं नाव मी लिहीत नाही, रुग्णालयाचंही नाही. ते सरकारी की खासगी, उल्हासनगरचं, अंबरनाथचं की बदलापूरचं, हेही सांगणार नाही. सांगितलं तर या पट्ट्यातले बाकीचे सुटतील, आणि त्यांना सोडायची माझी तयारी नाही. तुम्हाला मात्र ओळख पटेल. तेहतिसावा आठवडा, चेहरा सुजलेला, सकाळपासून डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं सांगणारी माझी सून. सिस्टरनी बीपी घेतलं, 170 आणि 110. दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पुन्हा घेतलं, तेवढंच आलं. तुम्ही केसपेपरवर दोन ओळी खरडल्यात आणि म्हणालात, "पुढे न्या. आमच्याकडे एनआयसीयू नाही."

एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नाही हा तुमचा दोष नाही. टॉवरवर टॉवर चढत गेले आणि अडलेल्या बाळंतिणीला अजून कळवा, ठाणे नाहीतर शीव गाठावं लागतं, हे भांडण मला दुसऱ्यांशी करायचंय. तुमच्याशी माझं बोलणं आहे ते त्या दोन ओळींबद्दल. 'हायर सेंटर' एवढंच त्यात वाचता येतं. कुठलं सेंटर, ते नाही. किती वाजता पाठवलं, ते नाही. औषध काय दिलं, ते नाही, कारण दिलंच नव्हतं.

माझी नोकरी टपाल खात्यात झाली. रजिस्टर पत्र हातातून सुटलं की त्याची नोंद व्हायची आणि पोहोचल्यावर पोच यायची. माझ्या सुनेला तुम्ही साध्या पत्राच्याही खालच्या भावाने रवाना केलंत. पुढच्या रुग्णालयाला एक फोन करून "अशी पेशंट येतेय, खाट आहे का" एवढं विचारलं असतंत, तर पहिल्या दारावरून आम्ही परत फिरलो नसतो. आमच्याकडे हे नवीन नाही म्हणा. बदलापूरचा अंबरनाथला धाडतो, अंबरनाथचा उल्हासनगरला, उल्हासनगरचा कळव्याला. प्रत्येकाच्या लेखी पेशंट गेला की काम झालं.

त्या दिवसानंतर मी वाचत बसले. गरोदरपणात बीपी असं चढलं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, की पुढची पायरी आकडीची. खरा उपाय बाळंतपण हाच, पण तोवर आकडी रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं. 2002 साली 33 देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर घेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. या औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून जास्त घटतो, असं तिच्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 सालीच सांगून ठेवलंय की पूर्ण उपचार होत नसतील तिथे पहिला डोस द्या आणि मग तातडीने पाठवा. आकडी आलेल्या बाईला पहिला डोस द्यायची मुभा आपल्या सरकारने उपकेंद्रातल्या नर्सबाईलाही दिली आहे. मुदतीआधी येणाऱ्या बाळाच्या फुप्फुसांना बळ देणारं डेक्सामेथासोनही 2014 पासून तिच्या हाती आहे. नर्सबाईला जमतं ते तुमच्या टेबलावर का जमू नये? दोन्ही औषधं महागडी नाहीत हो.

आकडी काटई नाक्याच्या अलीकडे आली. गाडी कोंडीत अडकलेली. सुनेची मान माझ्या मांडीवर होती. आधी तिची नजर वर गेली, मग हात ताठ झाले आणि दातांखाली जीभ आली. ड्रायव्हर बिचारा घाबरून म्हणाला, "आजी, चप्पल हुंगवा, कांदा हुंगवा." मुलगा खाली उतरून पुढच्या गाड्यांपुढे हात जोडत पळत होता. मी तिला कुशीवर वळवून धरलं आणि तिच्या तोंडातलं रक्त पदराने टिपत राहिले. तुमचा कागद त्याच पदराच्या गाठीत होता.

पुढे सिझर झालं. बाळ दीड किलोचंही भरलं नाही. काचेच्या पेटीत, नाकात नळी, सून दुसऱ्या मजल्यावर शुद्धीवर यायची वाट बघत. नंतर तिथल्या सिस्टरनी बाळाला उघड्या छातीशी धरायला शिकवलं. सून उठू शकत नव्हती तेव्हा मी धरलं. कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून काढलेली ही युक्ती, आणि ती उत्तम चालते. आज बाळ घरी आहे. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याच्या तपासण्या झाल्या, कानाच्या व्हायच्यात. सुनेच्या बीपीच्या गोळ्या सुरूच आहेत. पुढे जन्मभर हृदयाला जपावं लागेल आणि पुन्हा दिवस गेले तर सुरुवातीलाच डॉक्टर गाठावा लागेल, असं सांगितलंय.

आणि सगळे म्हणतात, "नशीब समजा, दोघं वाचली." हेच ऐकून माझं डोकं फिरतं. ती गेली असती तर नियमाप्रमाणे मातामृत्यूची चौकशी झाली असती आणि तुमच्याकडून खुलासा मागितला गेला असता. 2018 ते 2020 या काळात देशात लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावल्या, महाराष्ट्रात 33. या कमी आकड्याचं कौतुक मलाही आहे. पण मरता मरता वाचलेली बाई त्या आकड्यात कुठेच येत नाही. अशा बायकांच्या प्रकरणांची तपासणी कशी करावी, याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 2014 पासून आहेत, त्याही आधी वैद्यकीय महाविद्यालयांपुरत्या. आमच्या तीन शहरांतली बाई ज्या टेबलावरून निघते, तिथवर ही तपासणी पोहोचतच नाही.

आमच्याकडे काही जमत नाही असंही नाही. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजारभर प्रवाशांत नऊ गरोदर बायका होत्या. बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं आणि डॉक्टरांच्या पथकात स्त्रीरोगतज्ज्ञही आले. सगळ्या सुखरूप बाहेर निघाल्या. तेव्हा आम्हा बदलापूरकरांची छाती फुगली होती. माझ्या सुनेला हेलिकॉप्टर नको होतं. एक इंजेक्शन, एक फोन आणि सोबत एक सिस्टर पुरली असती.

मला नुकसानभरपाई नको, तुमची बदलीही नको. तुमच्या जागी येणारा तोच कागद लिहील. माझी मागणी एवढीच: बीपी वाढलेली गरोदर बाई पुढे पाठवताना पहिला डोस, पुढच्या डॉक्टरचं नाव आणि निघाल्याची वेळ कागदावर लिहिल्याशिवाय तिला दाराबाहेर काढायचं नाही, असा लेखी आदेश तुमच्या विभागात लावा. आणि त्या दिवशीच्या नोंदवहीत माझ्या सुनेच्या नावापुढे तुम्ही काय लिहिलंय, ते मला लेखी कळवा. पत्ता केसपेपरवर आहे.

आपली,
एक आजी, बदलापूर पूर्व