खुज्या गाईचा हिशेब

आमच्या चुडाव्यात जनावर घेणारा माणूस आधी स्वतःच्या गंजीकडं बघतो, मग जनावराच्या दाताकडं. वैरण किती दिवसांची आहे, उन्हाळ्यात बोअरला पाणी टिकतं का, शेणघाणीला घरात कोण आहे, एवढं ठरलं की मग बाजाराची वाट धरायची. शहरात आता उलटं सुरू झालंय. मोबाईलवर गाईचा फोटो बघायचा, दीड-दोन लाख पाठवायचे, गाय टेम्पोतून दारात उतरवून घ्यायची, आणि मग गावाकडं फोन लावून विचारायचं, 'मामा, ही खाते काय?' या हौसेला माझा विरोध आहे. का आहे ते हिशेबानिशी सांगतो.

ही गाय म्हणजे आंध्र प्रदेशातल्या चित्तूरकडची पुंगनूर. उंचीला तीन फुटांच्या आत-बाहेर, वजन दीडशे किलोच्या आसपास. कोरड्या मुलखात थोड्या चाऱ्यावर भागवणारी, गरिबाच्या दारची गाय. गाईत खोट काही नाही. २०२४ च्या संक्रांतीला पंतप्रधानांनी दिल्लीत आपल्या निवासस्थानी या गाईंना चारा घातला. ते फोटो घरोघरी पोचले आणि गरिबाची गाय श्रीमंताच्या दिवाणखान्यात गेली. आता आंध्रात तिच्यातूनही निवडून निवडून दोन-अडीच फुटांची जात काढलीय. जितकी खुजी तितकी महाग. जनावराची किंमत दुधावर, कामावर, वेतावर ठरते हे आम्ही शिकलो. ती फूटपट्टीवर ठरते हे या वयात बघायला मिळालं.

हा खेळ जगात आधी डुकरांचा झालाय. अमेरिकेत १९८० नंतर व्हिएतनामकडची पोटसुटी डुकरं हौसेनं पाळायला आणली. पुढं 'मिनी डुक्कर', 'कपात मावणारं डुक्कर' असं म्हणून तळहाताएवढी पिल्लं विकली गेली. घेणारा विचारी, हे केवढं होईल? विकणारा त्याचे आई-बाप दाखवी. ते लहानच असत. पण डुकरीण वर्षाच्या आत वितेही आणि तिची वाढ मात्र पुढं तीन-चार वर्षं चालते. म्हणजे दाखवलेली आईच अजून वाढायची असे. तळहातावरचं पिल्लू पन्नास-साठ किलोचं झालं, बाग उकरायला लागलं, की लोक ते सोडून यायचे. तिकडचे निवारे अशा डुकरांनी भरले. आपल्याकडं ज्या कैकाडी-वडार घरांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळली, त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. त्यांना विचारलं असतं तर डुक्कर केवढं होतं हे त्यांनी फुकट सांगितलं असतं.

गाईतही तीच गोम आहे. पोटाला कमी पडलेली गावरान कालवड आणि पुंगनूरची कालवड फोटोत एकसारखीच दिसते. ती वाढून दावं ताणायला लागेपर्यंत विकणाऱ्याचा नंबर बंद झालेला असतो.

आता खर्च. माझा एक भाचा पुण्याच्या बाहेर बंगला बांधून राहतो. त्यानं दीड लाखाला अशी एक कालवड घेतली. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दिला, तोच इथं देतो.

जनावराला वजनाच्या दर शंभर किलोमागं अडीच किलोच्या आसपास कोरडी वैरण लागते. दीडशे किलोच्या गाईला झाली चार किलो. आमच्याकडं कडबा शेकडा तीन हजारांनी धरा, पेंढी दोन किलोची. म्हणजे किलोला पंधरा रुपये, चार किलोचे साठ. वर किलोभर ढेप, चाळीस रुपये. झाले दिवसाला शंभर, वर्षाला साडेछत्तीस हजार. हा भाव गावातला. पुण्यात वाहतूक वेगळी. घरात दोघंही नोकरीवर, तेव्हा सकाळ-संध्याकाळ शेण काढायला माणूस लागला. महिन्याला सहा हजार, वर्षाचे बहात्तर हजार. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी यांच्या लसी, जंताचं औषध, दोन-तीनदा घरी येणारा डॉक्टर, असे दहा हजार. एकूण वर्षाला एक लाख साडेअठरा हजार. गाय पंधरा वर्षं सहज जगते. पावणेअठरा लाख झाले. दीड लाखाची किंमत या हिशेबात कुठल्या कुठं जाते.

भाचा म्हणाला, "मामा, पैशाचं सोडा, हौसेला मोल नसतं."

मी म्हणलं, "हौसेला मोल असतंय बाबा. तू दिलं नाहीस तर ते जनावर देतं."

ते कसं, तेही ऐका. गाय रोज वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास शेण टाकते. दीडशे किलोच्या गाईचं सात-आठ किलो, वर गोमूत्र. आमच्या उकिरड्यात हे सोनं आहे, शेजाऱ्याच्या फरशीपलीकडं ती तक्रार आहे. शहरात गुरं ठेवायला परवाना लागतो. १९७६ पासून महाराष्ट्रात तसा कायदा आहे. विकणारा तो सांगत नाही. गाय कळपातलं जनावर. एकटी बांधली की हंबरते. रात्री दोन वाजता हंबरली की सोसायटीचा माणूस दारात. मग तिला घरात घेतात, गुळगुळीत फरशीवर. तिथं खूर घसरतात, एखादी ढेंगाळली तर उभी राहत नाही.

मोठी अडचण पुढंच आहे. कालवड माजावर आली. दूध पाहिजे तर ती विली पाहिजे, विण्यासाठी गाभण राहिली पाहिजे. आसपास त्या जातीचा वळू नाही. मोठ्या जातीची कांडी भरावी तर वासरू पोटात मोठं होऊन अडण्याची भीती. बरं, विली आणि गोऱ्हा झाला तर? बंगल्यात गोऱ्ह्याचं काय करणार? औताला जुंपणार? मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, गाईला तर १९७६ च्या कायद्यानं आधीपासूनच आहे. कायद्याच्या बऱ्यावाईटाचा वाद मी इथं घालत नाही. एवढंच सांगतो की वासरू जन्माला घातलं तर ते मरेपर्यंत कुणाला तरी पोसावं लागतं, आणि तो 'कुणीतरी' दर वेळी गावातलाच माणूस धरला जातो.

भाच्याचा शेवटचा फोन तसाच आला. "मामा, तुमच्या आखाड्यावर ठेवता का? खर्च मी देतो." गाय आली. दोन महिने पैसेही आले. तिसऱ्या महिन्यापासून फक्त 'कशी आहे' एवढीच विचारपूस येते. ती गाय बरी आहे, कळपात रुळलीय, तिच्यावर माझा राग नाही. पण चार पेंढ्या तिला टाकताना दोन माझ्या गाईच्या तोंडच्या जातात, हेही खरं आहे.

आणि माझी गाय कोणती? लाल कंधारी. कंधार आमच्यापासून लांब नाही, नांदेड ओलांडलं की आलंच. उन्हात टिकणारी, काळ्या चिकट रानात ओढणारे बैल देणारी ही जात. पलीकडं लातूरकडं देवणी. माळेगावच्या यात्रेत, हाळी हंडरगुळीच्या बाजारात या जनावरांकडं बघून माणसं थांबायची. आज दावणी रिकाम्या होतायत. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, त्यामुळं कडबा गेला. ट्रॅक्टर आला, त्यामुळं बैलाचं काम गेलं. थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून नवं गोऱ्हं कुणी घेईना. त्यात २०२२ ला लम्पी आली, बाजार बंद पडले, गोठे रडले. आम्ही गुरं कमी केली ती कंटाळून नव्हे. तीनशे किलोच्या गाईला साडेसात किलो वैरण लागते, विकतची घेतली तर वैरणीचेच दिवसाला एकशे बारा रुपये होतात. ते आणायचे कुठून?

३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हणलं. त्याच दिवशी गोशाळांमधल्या देशी गाईला दिवसाला पन्नास रुपये द्यायचं ठरलं. ते गोशाळेला. माझ्या दावणीची लाल कंधारी त्यात बसत नाही. म्हणजे गाय मी पोसली तर तिचा खर्च माझा, आणि मी सोडून दिली, ती गोशाळेत गेली, की अनुदान सुरू. ही कुठली सेवा?

कुणी म्हणेल, या हौशीमुळंच पुंगनूर वाचली. मागणी आली म्हणून संख्या वाढली, हे मी मान्य करतो. पण जात वाचते ती तिच्या मुलखात, तिच्या चाऱ्यावर, वळू आणि गाई मिळून शे-दोनशे जनावरांचा कळप राहिला तर. एकेक गाय एकेका बंगल्यात बांधून, तिला वळू न दाखवता, जात वाचत नाही. उंची कमी करायच्या नादात दूध, पाय, वेत यांच्याकडं दुर्लक्ष झालं तर उरेल ते खेळणं.

ज्यांना खरंच गाईची माया आहे त्यांना माझं सांगणं आहे. खुजी गाय घेऊ नका. घ्यायचीच असेल तर फोटोवर घेऊ नका. जिथं जन्मली तिथं जा, तिची आई आणि बाप उभे करून बघा, दोघांचे दात मोजा, कानातला बिल्ला तपासा. वैरण, माणूस, वळू आणि गोऱ्ह्याची सोय आधी करा. आणि हे जमत नसेल तर वर्षाला लाख-सव्वालाख तुम्ही घालणारच होता, त्यातला निम्मा पैसा एखाद्या शेतकऱ्याच्या दावणीला द्या. त्यात लाल कंधारीची, देवणीची वर्षाची वैरण निघते. गाय शेतात राहील, शेण शेतात पडेल, तिचं वासरू कळपात वाढेल. सुट्टीत पोरांना घेऊन या, पाठीवरून हात फिरवा, ताक प्या.

सरकारलाही एवढंच म्हणायचंय की राज्यमातेचा मान कागदावर दिला, आता तिची वैरण दावणीपर्यंत पोचू द्या. गोशाळेच्या पन्नास रुपयांतले पंचवीस जरी पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात आले, तरी बऱ्याच गाईंना गोशाळेची पायरी चढावी लागणार नाही.