मोजणीत न आलेले पोर



केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2019 साली शाळांतून पाहणी केली. 13 ते 15 वयाच्या शंभर मुलांमागे देशात साडेआठ जण तंबाखू घेतात, महाराष्ट्रात जेमतेम पाच. वाचून बरे वाटते. पण ही मोजणी वर्गात बसलेल्यांची. ज्याने शाळाच सोडली, तो मोजला गेला नाही.

तो भेटतो नारायणगावच्या मजूर बाजारात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात भात निघाला की हाताला काम नाही. माणसे कांदा-टोमॅटोच्या रानात मजुरीला उतरतात. आईबापामागे बारा-तेरा वर्षांचे पोरही येते. पंधरा दिवस शाळा बुडते, मग गणित कळेनासे होते, मग जाण्याची लाज वाटते. दुपारी भूक मारायला कोणीतरी तंबाखू-चुना त्याच्या हातावर ठेवतो. पुढे स्वतःच्या मजुरीतून पुडी येते, आणि पुडीसाठी उद्याची मजुरी लागते. शाळेत हजेरी लागते, तिचे पैसे मिळत नाहीत.

आमचे शिक्षण शेतकीचे, उदाहरणही रानातलेच. ज्वारीला खोडमाशी गाठते ती पहिल्या महिन्यात. पोंगा वाळतो. ताट मोठे झाल्यावर तिचे फारसे चालत नाही. त्याच पाहणीत देशभरात तंबाखू चघळून पाहिलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती दहाव्या वर्षाआधीच तोंडात घातलेली. दहा वर्षांच्या पोराला टपरी दाखवली कोणी? "जा रे, पुडी आण," हे आपलेच शब्द. घरात मशेरीची डबी आहेच.

राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे; टपरीवर काय मिळते ते सर्वांना ठाऊक. पण 2015 चा बाल न्याय कायदा विकणाऱ्यावर थांबत नाही. मुलाला तंबाखू देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुकादम त्यात बसतो, आणि रानाचा मालकही.

आमच्या कपाशीच्या वेचणीत काय वेगळे चालते? मालाला भाव नाही म्हणून पोर कामाला लावावे लागते, हे खरे. ते आम्हीच सभांतून सांगत आलो. पण भाव मिळेपर्यंत पोराच्या तळहातावर चुना ठेवा, असे कोणी सांगितले नव्हते.

जिल्हा बैठकीत ठराव येईल: चौदाच्या आतील पोर मजुरीवर घ्यायचे नाही, आणि मजुरांच्या चहाबरोबर पुडी द्यायची नाही. हात वर करणाऱ्याने आधी खिशातली पुडी टेबलावर ठेवावी.